कणकेची शिडी

फर्मिना बसमधून उतरली तेव्हा साडेअकरा झाले होते आणि तिला घरी जायचं नव्हतं. चौदा दिवस मिठाच्या पठारावर पाण्याचा टँकर हाकून आलेलं माणूस खरं तर घराकडे धावत सुटतं. ही बाई मात्र फाट्यावर उभी राहून बुटांवरचं मीठ झटकत राहिली.

कारण आज एक नोव्हेंबर. आज दुपारी बाराला मेलेली माणसं घरी जेवायला येतात आणि उद्या बाराला परत जातात, हे मैमारा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेल्यावर तीन वर्षं त्यांचं ताट मांडायचं. तिसऱ्या वर्षी आत्मा पोटभर जेवतो आणि कणकेच्या भाजलेल्या शिडीवरून कायमचा वर चढतो. उपाशी राहिला तर बसतो दारात घुटमळत. फर्मिनाच्या बापाचं, तिबुर्सियोचं, हे तिसरं वर्ष. आधीची दोन्ही वर्षं तिने या दिवसांत मुद्दाम जादा पाळी मागून घेतली होती. यंदा मुकादमाने ऐकलं नाही. "घरी जा, आपल्या मेलेल्यांना जेवू घाल," म्हणाला. त्याला काय माहीत.

तिबुर्सियो एक नंबरचा हेकट म्हातारा. फर्मिनाने झुलेमाशी नोंदणी कचेरीत लग्न केलं, त्या दिवशी तो म्हणाला, "ती बाई घरात आहे तोवर त्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही." तीन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण नऊ वर्षं शब्द पाळला. नात झाली, वायरा, तिचं तोंड बघायलाही आला नाही. एकदा भर बाजारात झुलेमाने त्याची बटाट्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, "द्या मामंजी, मी नेते." म्हाताऱ्याने पिशवी हिसकावून घेतली. "मी तुझा कुणी लागत नाही," म्हणाला. त्यानंतर झुलेमाने तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. आणि फर्मिनाने बापाला कधी माफ केलं नाही.

म्हातारा मेला खरा, पण गेला नाही. शिशाच्या खाणीत कमावलेला त्याचा कोरडा खोकला, एक ठसका, मध्ये थांबा, मग दुसरा, हा त्यांच्या दाराबाहेर ऐकू यायचा. कुत्रं उठून उभं राहायचं. एवढंच काय, घाटापलीकडे, भर दुपारी, आसपास चिटपाखरू नसताना टँकरच्या केबिनमध्येही फर्मिनाला तो मागून ऐकू आला होता. तिने आरशात बघायचं टाळलं होतं.

अंगणाचं फाटक ढकललं तर झुलेमा भट्टीमागे एका उपड्या डब्यावर बसलेली, शाल डोक्यावरून ओढून. वारा धूळ उडवत होता.

"आलीस?" झुलेमाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "तू येशील असं वाटलं नव्हतं गं. बूट फाटलाय बघ तुझा."

"बूट राहू दे. इथं काय करतेयस?"

"बारा वाजायला आले ना. ताट मांडलंय. आत वायरा आहे. मी घरात असले तर ते यायचे नाहीत."

फर्मिनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती झुलेमासमोर उकिडवी बसली.

"गेली दोन वर्षंही अशीच बसलीस?"

"तासाभराचा तर प्रश्न. सगळं करून ठेवायचं आणि बाहेर यायचं. पाऊल उमटलेलं कळावं म्हणून उंबऱ्यावर राख पसरते मी. दोन्ही वर्षं राख जशीच्या तशी. दारापर्यंत येतात, खोकतात, आणि तिथंच." झुलेमाने शाल आवळली. "त्यांना तुझी हाक हवी असेल. मी काय, परकी. आज तू बोलाव, फर्मे. यंदा उपाशी राहिले तर कायमचे दारात. पोरगी आता झोपेत तशीच खोकायला लागलीय. एक ठसका, थांबा, मग दुसरा."

फर्मिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी जमलं नाही ते या माणसाने मेल्यावर केलं होतं. तिच्या बायकोला तिच्याच घराबाहेर बसवलं होतं. आणि आपण काय केलं? आपण डोंगरापलीकडे लपून बसलो. हे जास्त झोंबलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"अगं, पण यंदा शेवटचं..."

"ऊठ म्हणते ना."

हाताला धरून तिने झुलेमाला आत आणलं. राखेत दोघींची पावलं उमटली. काळ्या कापडावर सगळं मांडलेलं होतं: मटणाचं वाफाळतं सूप, मक्याची आंबवलेली चिचा, चघळायची कोकाची पानं, कणकेची कबुतरं आणि मधोमध नऊ पायऱ्यांची तांबूस शिडी. वायरा खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

"माय, आजा बाहेर आलाय," ती फर्मिनाला म्हणाली. "आईला आत आणलंस. आता तो रागावेल."

"रागावू दे. जन्मभर दुसरं काय केलं त्याने?"

देवळात बाराचे टोले पडले. दाराबाहेर ठसका लागला. थांबा. मग दुसरा. कुत्रं टेबलाखाली शिरलं. अंगणात कुणीच नव्हतं, नुसता वारा.

फर्मिना उंबऱ्यापाशी गेली.

"बा, ऐक. ही घरातच आहे आणि घरातच राहणार. शिडी हिने वळली, भट्टी हिने पेटवली, तीन वर्षं तुझं ताट हिने मांडलं. मी नाही. मी तुझ्यासाठी एक दाणाही शिजवला नाही. जेवायचं तर हिच्या हातचं आणि हिच्यासमोर. नाहीतर राहा तिथंच." मग तिचा आवाज फुटला. "पण ये रे बा. किती दिवस उभा राहशील वाऱ्यात?"

ती दाराकडे पाठ करून टेबलाशी बसली. झुलेमाचा हात तिने सोडला नाही. सुपाची वाफ कमी होत गेली. बाहेर काहीच ऐकू येईना, आणि फर्मिनाच्या मनात आलं, गेला. बापाच्या तोंडचा शेवटचा घासही आपण आपल्या रागापायी घालवला.

वायराने आपली खुर्ची थोडी सरकवून शेजारी जागा केली.

खोकला आला तो घरातून. अगदी फर्मिनाच्या पाठीमागून. एक ठसका, थांबा, मग दुसरा. तिला मान वळवायचं धाडस झालं नाही.

झुलेमाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तिने पेल्यात चिचा ओतली, ताट रिकाम्या खुर्चीकडे सरकवलं आणि खाली मान घालून म्हणाली, "सूप निवतंय, मामंजी."

तिघी वाट बघत राहिल्या. या वेळी 'मी तुझा कुणी लागत नाही' असं झुलेमाला कुणी म्हटलं नाही.