माझ्या पोटातले मोटारीचे तेल

मित्रांनो, मी गुळगुळीत रस्त्यासाठी जन्मलेली मोटारसायकल नाही. आता मी बरीच जुनी झाले आहे. टाकीवरचा रंग उडाला आहे, एक आरसा कायमचा गेला आहे. पण माझे उंच मडगार्ड, खाचाखाचांचे टायर आणि पोटाला दगड लागू नये म्हणून खाली बसवलेला जाड पत्रा पाहिलात, तर तुम्हाला कळेल की मला चिखल, दगड आणि चढ यांच्यासाठीच घडवले होते.

माझा पहिला मालक पुलगावचा एक हौशी तरुण होता. त्याने माझ्यावर बसून फोटो काढले, स्टेशनच्या रस्त्यावर मला मिरवले आणि हौस फिटल्यावर ताडपत्रीखाली उभे करून टाकले. उंदरांनी माझी सीट कुरतडली. चेन गंजली. आपले आयुष्य असेच उभ्या उभ्या संपणार, असे मला वाटू लागले होते. तेवढ्यात मेघा आली आणि मला घेऊन गेली.

मेघा वनरक्षक होती. सेलूच्या पलीकडे, बोरच्या जंगलाच्या कडेला तिचे क्वार्टर होते. जिथे जीप जात नसे तिथे मी जात असे. नाले, खडक, बांबूच्या बनातल्या पायवाटा, सगळे आम्ही दोघींनी पालथे घातले. तिचे वडील हरिदास तिच्याजवळच राहत. पुलगावच्या डेपोत ट्रक चालवण्यात त्यांची उमर गेली होती. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पोरगी एकटी जंगलात जाते. हिच्याच भरवशावर." ते ऐकून माझी कुरतडलेली सीटसुद्धा मी विसरून जाई.

मित्रांनो, पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. मोटारीचा किंवा ट्रकचा क्लच, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचवणारा भाग, बहुधा कोरडा असतो. इंजिनचे तेल त्याला शिवत नाही. माझा क्लच मात्र इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. त्या एकाच तेलाने इंजिन घासू द्यायचे नाही आणि क्लचच्या प्लेटांची एकमेकींवरची पकडही सुटू द्यायची नाही. म्हणून माझ्यासारखीचे तेल वेगळे मिळते. दुकानात त्याला 'फोर-टी' म्हणतात.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मेघाचा भाऊ रत्नदीप पुण्याहून नवी मोटार घेऊन आला. जाताना त्याचा तेलाचा एक डबा घरी राहिला. हरिदास तो डबा हातात घेऊन बाहेर आले.

"मेघा, रत्नदीपच्या गाडीचं ऑइल आहे. एकदम भारीतलं. तुह्या गाडीत टाकून देतो."

"बाबा, कारचं ऑइल इले चालते काय?"

"ऑइल थे ऑइल वं. म्या जिंदगीभर इंजिनंच पाह्यले. दोघा लेकरांच्या गाडीत एकच चीज पाह्यजे."

मेघाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "टाका मंग," ती म्हणाली.

रेशमासारखे पातळ, निसरडे तेल माझ्या पोटात उतरले. इंजिनला क्षणभर सुख वाटले. पण दोन-चार दिवसांतच क्लचच्या प्लेटा एकमेकींवरून निसटू लागल्या. मेघा मूठ पिळी, माझा आवाज चढे, वेग मात्र तेवढाच राही. तिच्या ते लक्षात आले होते. तरी संध्याकाळी हरिदासांनी विचारले, "कशी चालते?" तेव्हा ती म्हणाली, "मस्त, बाबा."

मला बोलता येत नाही. मी फक्त आवाज करू शकते. तो मी करत राहिले.

मग ती दुपार आली. ऊन नुसते भाजत होते. टेहळणीच्या मनोऱ्यावरून वायरलेसवर खबर आली: टेकडीमागे धूर दिसतो आहे. मेघा मला घेऊन निघाली, तोच गावाच्या टोकाला शोभाबाई धावत आडवी आली.

"मॅडम, आमचे बुढे मोहफुलं वेचाले गेलते! अजून आले नाई!"

"कुठं गेलते?"

"टेकडीच्या पल्याड, खोऱ्यात!"

मेघाने वायरलेसवर तेवढे कळवले आणि ती थांबली नाही. आग विझवणाऱ्या माणसांची गाडी दुसऱ्या बाजूने यायची होती आणि तिला लांबचा वळसा होता. खोऱ्यात जायला मात्र ही एकच वाट, टेकडीवरून चढून पलीकडे उतरायची. चढ लागताच माझी पकड ढिली पडली. एकटी मेघा बसलेली असूनही मी किंचाळत, रडतखडत माथा गाठला. परत येताना मागे आणखी एक माणूस असणार, हे मला माहीत होते. तिलाही माहीत असावे, कारण माथ्यावर तिने एकदा खाली वाकून माझ्या इंजिनकडे पाहिले.

शोभाबाईचे म्हातारे यजमान, डोमाजी, मोहाच्या झाडाखाली बसलेले सापडले. धूर पाहून पळताना त्यांचा पाय मुरगळला होता. घोटा टम्म सुजला होता. वाळलेल्या पानांतून आग सरसरत खोऱ्यात उतरत होती.

"मॅडम, मले राहू द्या. तुम्ही निघा."

"काका, बोलू नका. बसा मागं."

आम्ही चढू लागलो. पहिले वळण कसेबसे पार केले. दुसऱ्या वळणावर इंजिन जिवाच्या आकांताने ओरडले आणि चाक जागच्या जागी थांबले. मेघाने मूठ आणखी पिळली. प्लेटा एकमेकींवर घासून तापल्या आणि जळका वास सुटला. ती खाली उतरली आणि डोमाजींना सीटवर ठेवून मला ढकलू लागली. तिचे बूट मुरमावरून घसरले. मीही मागे घसरले. खाली पाहिले तर मघाच्या मोहाच्या झाडाखाली ज्वाळा पोचल्या होत्या.

त्या वळणावर मोबाईलची थोडीशी रेंज मिळते. मेघाने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा, गाडी चढून नाई राह्यली. इंजिन पळते, चाक फिरत नाई. मागं आग आहे. माह्यासंगं एक म्हातारे आहेत."

पलीकडून हरिदासांचा आवाज आला. तो कापत होता.

"क्लच गेला वं. त्या ऑइलनंच गेला असन."

"आता काय करू, थे सांगा."

"वर नको चढू. उतार कुठं हाय तिथं?"

"डाव्या अंगाले नाला आहे. कोरडा. तलावापर्यंत जाते. पण लय दगड आहेत."

"नाल्यानं उतर." आता तो आवाज ट्रक ड्रायव्हरचा झाला होता. "इंजिन गाडीले अडवन, या भरवशावर राहू नको, थे नाई धरत आता. ब्रेक दाबून नको धरू, तापन अन् सुटन. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. खाली सपाट लागलं की पहिल्या गिअरमंधी, मूठ एकदम हलकी. घाई नको करजो, बेटा."

मेघाने मला नाल्यात लोटले. मित्रांनो, मी अनेक दगड पाहिले आहेत, पण त्या नाल्यासारखे नाहीत. पुढचे चाक एका धोंड्यावरून उडाले की मागचे दुसऱ्यावर आपटे. पोटाखालचा पत्रा ठणठणत होता. डोमाजींनी मेघाच्या खांद्याला घट्ट धरले होते. दोन्ही काठांवरचे गवत पेटत आले होते आणि ठिणग्या माझ्या टाकीवर पडत होत्या, आत पेट्रोल होते! मेघा मोठ्याने म्हणत होती, "दाबायचा, सोडायचा." एका जागी मी पूर्ण आडवी होणार होते. तिने पाय टेकून मला सावरले आणि तिच्या बुटाचा तळ उचकटला.

नाला संपला. समोर वाळू, मग तलावाचे पाणी. पहिला गिअर, हलकी मूठ. प्लेटांमध्ये जी काही पकड उरली होती, ती सगळी मी गोळा केली. एक-एक हात पुढे सरकत आम्ही पाण्यात शिरलो आणि मी बंद पडले.

आग काठावर येऊन थांबली. संध्याकाळी आग विझवणाऱ्यांची गाडी तलावाच्या दुसऱ्या काठाला पोचली आणि त्या माणसांनी आम्हा तिघांना बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी सेलूला रूपराव मिस्त्रींनी मला उघडले. काळ्यानिळ्या पडलेल्या प्लेटा त्यांनी हरिदासांच्या हातात दिल्या. हरिदासांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"मेघा, माह्याच हातानं म्या तुले मारत होतो."

"नाई बाबा. मले आवाज आला होता. तुमाले वाईट वाटन म्हणून म्या बोलली नाई."

"मले वाईट वाटलं असतं तर काय झालं असतं वं?" हरिदास जोरात म्हणाले.

नव्या प्लेटा आल्या. हरिदास स्वतः दुकानात गेले. दुकानदाराने भारी म्हणून जो डबा पुढे केला, तो त्यांनी परत केला. क्लच तेलात बुडतो त्या गाडीचे, असे स्पष्ट सांगून त्यांनी फोर-टी मागितले आणि डब्यावरचे शब्द दुकानदाराकडून वाचून घेतले.

मग त्यांनी हट्टच धरला. "त्याच चढावर चाल. म्या मागं बसतो."

सगळी टेकडी काळी पडली होती. पलीकडे खोऱ्यात उतरून आम्ही परत चढू लागलो. पहिले वळण गेले. दुसऱ्या वळणाजवळ मेघाचा हात क्षणभर अडखळला. मागून हरिदासांनी तिचा खांदा धरला. तिने मूठ पिळली. प्लेटांनी एकमेकींना धरले आणि मी दोघांना घेऊन वर चढले.

मित्रांनो, तुमची माया आम्हा यंत्रांनाही हवी असते, पण मायेने दिलेले सगळेच आम्हाला पचत नाही. तेल ओतण्याआधी डब्यावरचे वाचा, कळले नाही तर विचारा. आणि गाडीचा आवाज बदलला, तर कोणाचे मन राखण्यासाठी तो ऐकूनही गप्प बसू नका. मागच्या सीटवर कोणीतरी तुमच्या खांद्याला धरून बसलेले असते.