आबासाहेबांची उजवी नाकपुडी

तेजश्रीचं लग्न आबासाहेबांच्या नाकाने अडवून धरलं होतं. त्यातही सगळ्या नाकाने नव्हे, एकट्या उजव्या नाकपुडीने.

आबासाहेब तिचे आजोबा. नल्लकुंट्यातल्या त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो शब्द तोंडातून निघण्याआधी त्याला नाकाची परवानगी लागायची. शुभ काम असलं की ते नाकाखाली बोट धरत. श्वास उजवीकडून वाहत असेल तर काम करायचं, डावीकडून असेल तर थांबायचं, आणि दोन्हीकडून सारखा असेल तर नुसतं देवाचं नाव घेत बसायचं. पोथ्यांत काय लिहिलंय ते पोथ्या जाणोत. त्यांचे वडील गावाकडे असंच करायचे, म्हणून हेही करत.

आता कुलदीपला होकार द्यायचा होता. मुलगा पुण्याचा, तेजश्रीच्याच ऑफिसातला. आबासाहेबांना तो पसंतही होता. पण उन्हाळ्यापासून त्यांची उजवी नाकपुडी जी बसली ती बसलीच. सकाळी बोट धरावं तर डावी, संध्याकाळी धरावं तर डावीच. तेजश्रीचे वडील विकास यांची आबासाहेबांपुढे ब्र काढायची हिंमत नव्हती. शेवटी कुलदीपच्या वडिलांनी, सुरेशरावांनी, पुण्याहून फोन करून सांगितलं, "महिनाअखेरच्या रविवारपर्यंत थांबतो. तोवर काही कळलं नाही, तर नकार समजू."

कुलदीपशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं तेजश्रीच्या मनातही नव्हतं. आणि पुण्याच्या माणसांना नाकपुडीचं कारण सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

तिने आबासाहेबांना दिलसुखनगरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं.

"नक्को गं. मला काय झालंय?"

"आबा, रात्रभर तोंड उघडं टाकून घोरता. सकाळी घसा धरतो, दुपारपर्यंत खोकता. चला गुपचूप."

डॉक्टर नीलिमा पेशंटशी तिथल्या हिंदीत, दखनीतच बोलायच्या. त्यांनी नाकात दिवा मारून पाहिलं.

"अंकल, नाक के दोनों बाजू एकसाथ पूरा काम नै करते. एक चलता, दूसरा जरा फूल के आराम करता. कुछ घंटे बाद ड्यूटी बदलती. सबका ऐसाइच है."

आबासाहेब खुर्चीत पुढे सरकले. "फिर मेरा उजव्या बाजूवाला ड्यूटी पे कैकू नै आता?"

"उसका रास्ता तंग है. बीच का पडदा टेढा, ऊपर से धूल की सूजन."

मग त्यांनी नाकाची सगळी कामं समजावली. बाहेरची धूळ नाकातले केस आणि चिकट शेंबूड अडवतात. कोरडी, गार हवा फुप्फुसात जाण्याआधी नाक तिला ऊब देतं, ओलं करतं. तोंडाने श्वास घेतला की यातलं बरंचसं होत नाही, म्हणून घसा कुरकुरतो. "मुंह तो खाने के वास्ते है, अंकल," त्या म्हणाल्या.

हे आबासाहेबांना फार पटलं. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना ठणकावलं, "माझ्या उजवीचा काही दोष नाही. बिचारीला रस्ताच नाही!"

दुसऱ्या दिवसापासून ते रोज उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुऊ लागले. वर डॉक्टरांनी दिलेला फवारा. न्हाणीघरातून असे आवाज यायचे की पहिल्या दिवशी शेजारचे नामदेवराव धावत आले होते. पण हळूहळू घोरणं उतरलं, खोकला गेला. एकदा जेवताना आबासाहेब म्हणाले, "आमटीत हिंग जास्त झालाय."

"नाक बंद होतं तेच बरं होतं," भामाआजी म्हणाल्या.

महिनाअखेरचा रविवार उजाडला. विकास फोन हातात घेऊन तयार होते. आबासाहेबांनी नाकाखाली बोट धरलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वाहतेय! उजवी वाहतेय!"

तेजश्रीने टाळी वाजवली. विकासनी नंबर लावायला घेतला.

"थांब," आबासाहेब म्हणाले. त्यांनी बोट पुन्हा धरलं. "डावीपण वाहतेय. दोन्ही. अगदी सारख्या."

औषध जरा जास्तच लागू पडलं होतं. "आज काही करता यायचं नाही," ते खाली बसत म्हणाले.

"आबा, आज नाही तर कधीच नाही!" तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझं वाईट व्हावं म्हणून करतोय का मी, पोरी?" आबासाहेब म्हणाले. खरंच जीव होता त्यांचा तिच्यावर, आणि म्हणूनच त्यांना भीती वाटत होती.

एवढ्यात भामाआजी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांचं बोट स्वतःच्या नाकाखाली होतं.

"उजवी," त्या म्हणाल्या. "खणखणीत वाहतेय."

"कुणाची?"

"माझी. मी तिची आजी नव्हे का? कुणाचं नाक बघायचं, हे मामंजींनी सांगून ठेवलं होतं?"

आबासाहेबांचं बोट पुन्हा नाकाकडे निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं.

"हे घर घेतलं तेव्हाही मी बोट धरून बघितलं होतं," आजी हसत म्हणाल्या. "विकासचं लग्न ठरलं तेव्हाही. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही."

आबासाहेबांनी विकासच्या हातातला फोन घेतला आणि बायकोपुढे धरला. "मग तूच बोल. शब्द तुझा."

या घराचा शब्द भामाआजींनी आजवर कधी कुणाला दिला नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले, पदर नीट केला.

"सुरेशराव, मी तेजश्रीची आजी बोलते. आमचा होकार आहे. आणि उशीर झाला त्याचं मनावर घेऊ नका, घरात जरा नाक चोंदलं होतं."

तेजश्रीने त्यांना मिठी मारली तेव्हा फोन चालूच होता.