तरोट्याचं पथ्य

शकुबाईचं एकच म्हणणं होतं, की सुनेला आपण उपाशी ठेवलेलं नाही. पण ते ऐकणार कोण? इंदू पांढरीफटक पडली होती, जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती, अंगणापर्यंत गेली तरी तिला धाप लागायची. तिची आई गुणाबाई माहेराहून येऊन ओट्यावर बसली होती आणि आल्यागेल्याला सांगत होती, की या घरानं पोरीचं रक्त आटवलं.

शकुबाईचा तिळपापड झाला. इंदूला फिट यायच्या. मागच्या वर्षी चांद्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि त्या थांबल्या. पथ्याचं त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. पण वैदूच्या औषधावर हिरवा पाला चालत नाही, तसंच या गोळ्यांचंही असणार, म्हणून गुणाबाईनंच लेकीला रानातला तरोटा, अंबाडी, सगळी पालेभाजी बंद केली होती. नुसती पेज आणि मीठ. शकुबाईनं ते पथ्य कसोशीनं पाळलं. सुनेच्या काळजीनं कमी, विहिणीला बोलायला जागा मिळू नये म्हणून जास्त.

"त्या गोळ्या फेका, ईनबाई," गुणाबाई म्हणाली. "अन् माही पोरगी माह्या संगं धाडा."

"गोळ्या फेकल्या अन् पोरगी चुलीत पडली, तं तुमी येसान का उचलाले?"

शेवटी इंदूच्या नवऱ्यानं, भैयाजीनं, तिघींना मूल स्टेशनवरून चांद्याच्या रेल्वेत घातलं. विहिणी एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

डॉक्टरनं रक्त तपासलं आणि पोरगी खाते काय ते विचारलं. ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. या गोळीनं काहींच्या अंगात रक्त बनवणारं एक जीवनसत्त्व कमी पडतं, आणि ते हिरव्या पाल्यात असतं, म्हणाला. जे जास्त खायला हवं होतं, तेच तुम्ही तोडलंत. फिटची गोळी मात्र मुळीच सोडायची नाही. त्यानं रक्तासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या आणि रोज पालेभाजी खायला सांगितलं.

चूक विहिणीची निघाली म्हणून शकुबाईला आनंदच झाला. ती बोलायला तोंड उघडणार, तोच इंदू बोलली.

"मी भाजी मांगतली, तं दोघींनीबी नाई म्हनलं. आता माही भाजी मीच रांधीन. तुमी कोनी चुलीपाशी येऊ नोका."

पोळ्यापर्यंत इंदूच्या तोंडावर रंग आला. ती रोज भाजी रांधायची आणि सासूसमोर बसून एकटी खायची.