आठवी पिशवी

दयानंदरावांनी सातवी पिशवी चतुराबाईंच्या मांडीवर ठेवली आणि वर आपली छत्रीही दिली.

"तुम्ही इथंच बसा मावशी. गुडघे तुमचे हे असे. परदेशात काही झालं तर मी कुणाकुणाला तोंड देऊ?"

व्हिएतनामात उतरल्यापासून हेच चाललं होतं. नांदेड-लातूरची बावीस माणसं डोंगरावर गेली, चतुराबाई खाली पिशव्या धरून. माणसं गुहेत शिरली, चतुराबाई बाहेर पिशव्या धरून. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले दयानंदराव ग्रुपचे पुढारी, त्यांच्यापुढं बोलणार कोण? आज फिरायचा शेवटचा दिवस. बिलोलीकडच्या गावी परतल्यावर बायका घोळका करून विचारणार, काय काय बघितलंस गं? सांगायचं काय, पिशव्या? बालाजीनं किती हौसेनं आईला आणि बायकोला धाडलं होतं. चतुराबाईंना रडूच येत होतं, पण सुनेसमोर कशाला, म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

सून आरती तिथंच घुटमळत होती.

"आत्याबाई, मी बसू का तुमच्यापाशी?"

"जा तू. बघून घे."

समोर नदीचा फाटा होता आणि काठाला बांबूच्या विणलेल्या होड्या लागल्या होत्या. गोल, टोपल्यासारख्या. चतुराबाईंनी पदर खाली केला.

"अगं बाई, ही तर आपली कढई!"

मांजरा नदीवर पूल व्हायच्या आधी त्यांच्या गावची माणसं गुऱ्हाळातल्या गुळाच्या कढईत बसून पलीकडच्या रानात जायची. चतुराबाईंनी वीस वर्षं ती कढई वल्हवली. खुरपं, भाकरी, एखादी शेळी, तान्हा बालाजी, सगळं त्यातूनच. आरतीला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिकडं दयानंदरावांना हुक्की आली. होडीवाल्या बाईच्या हातात मोबाईल देऊन त्यांनी तिला काठावर उतरवलं.

"व्हिडिओ काढा! मी एकटा वल्हवतो!"

त्यांनी वल्हं उजव्या बाजूला घातलं. होडी गर्रकन फिरली. त्यांनी जोर लावला, ती आणखी फिरली. काठावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मग होडी फिरत फिरत धारेला लागली आणि हसणं थांबलं. अंगात तरंगायचं जाकीट होतं म्हणून बरं, पण दयानंदरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अहो, धरा कुणीतरी!"

आरतीनं वळून बघितलं तर बाकावर नुसत्या पिशव्या. चतुराबाई लुगड्यावर केशरी जाकीट अडकवून जवळच्या होडीत बसल्यासुद्धा होत्या.

"आत्याबाई, तुमचे गुडघे!"

"गुडघे चढायला दुखतात. बसायला न्हाई!"

त्या होडीतल्या म्हातारीनं त्यांची बसायची रीत बघितली आणि काही न विचारता वल्हं त्यांच्या हाती दिलं. चतुराबाईंनी ते बाजूला नाही, समोर घातलं. पाणी एकदा डावीकडून आपल्याकडं ओढलं, एकदा उजवीकडून. होडी सरळ निघाली. इतक्या वर्षांनी हात काहीच विसरले नव्हते.

"साहेब, वल्हं वर घ्या. उगाच पाणी ढवळायलेत तुम्ही."

"मावशी, मी पडतो आता!"

"न्हाई पडत. खाली बसा गप."

म्हातारीनं दयानंदरावांच्या होडीची दोरी पकडली आणि चतुराबाईंनी दोन्ही होड्या काठाला आणल्या. टाळ्या काय, शिट्ट्या काय! म्हातारीनं आपली बांबूची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली. आरती हसत होती, रडत होती आणि भेटेल त्याला, तिथल्या लोकांनासुद्धा, मराठीतच सांगत होती, "आमच्या आत्याबाई आहेत!"

दयानंदराव बाकावर येऊन बसले. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. बाकीची माणसं चतुराबाईंच्या होडीत आधी कोण, म्हणून भांडायला लागली.

"आधी माझी सून," चतुराबाई म्हणाल्या.

मग त्या बाकापाशी आल्या. दयानंदरावांनी मुकाट्यानं हात पुढं केले. चतुराबाईंनी एकेक करून साती पिशव्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. मग खांद्यावरची स्वतःची काढली.

"ही आठवी. माझी हाय, नीट सांभाळा."