मलिंगारच्या टेबलावरची कूलामन

या चारुदत्ताला मेल्याला वळण म्हणून नाही! कामावरून आला की गाडीची किल्ली खणकन माझ्या अंगावर फेकतो. जशी काही मी केराची सुपली!

मित्रांनो, मी एक जुनी कूलामन आहे. कूलामन म्हणजे होडीसारखी खोलगट लाकडी परात. ऑस्ट्रेलियातल्या एका नदीकाठी तिथल्या मूळच्या बायांनी मला जिवंत निलगिरीच्या खोडातून काढलं, विस्तवावर वळवलं, गेरूने माखलं. झाड मेलं नाही बरं का. हवं तेवढंच घ्यायचं, ही त्यांची रीत. माझ्यातून त्यांनी पाणी आणलं, बी पाखडलं, पोरं निजवली. माझ्यात निजलेलं पोर कधी रडायचं नाही.

मग इंग्रजांचं राज्य आलं. नदीला कुंपण पडलं, पाणी मेंढ्यांचं झालं. बाया पाण्याला गेल्या की समोर बंदुका. शेवटी एक घोडेस्वार शिपाई आला. माझ्यातलं पोर उचलून त्याने पाद्र्यांच्या मिशनमध्ये टाकलं. तिथे आईची भाषा तोंडातून निघाली की छडी. रिकामी मी त्याला आवडले, म्हणून मलाही उचललं. आणि हा शिपाई कोण? आयरिश! याच्याच बापाची जमीन इंग्रजांनी खाल्लेली, आणि हा त्यांचाच चाकर.

नोकरी संपल्यावर तो मला घेऊन आयर्लंडला परतला. त्याच्या घरी मी बटाटे सांभाळले, मग माळ्यावर धूळ खाल्ली. पुढे त्या घरातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा चारुदत्ताने मला आयर्लंडमधल्याच मलिंगार गावी, आपल्या घरी आणलं. इथे खिडकीवर पाऊस वाजला की मला नदी ऐकू येते.

परवा चारुदत्ताची बायको विभावरी हिने शेजारच्या लोरेनला जेवायला बोलावलं. लोरेन इथल्या हॉस्पिटलात नर्स. चारुदत्ताचं नेहमीचं सुरू झालं, "शिवाजी महाराजांची तलवार लंडनमध्ये! परत द्यायला नको?" लोरेन मान हलवत होती. हलवता हलवता तिची नजर माझ्यावर पडली आणि घास हातातच राहिला.

उठून तिने माझ्यावरचे कोरीव चर बोटांनी चाचपले. "हे आमच्या नदीकडचं काम. माझ्या पणजीला अशाच एकीतून उचलून नेलं होतं. मी नाताळात ऑस्ट्रेलियाला घरी जातेय. हिला नेऊ?"



चारुदत्त हसला. "इथे मजेत, ग्रँड आहे ती! कोरडी, सुरक्षित. तिकडे कोण सांभाळणार?"

"बट बाबा, इट्स हर्स," त्याची लेक मुक्ता म्हणाली.

"तू भात खा."

"अहो, मघाशी तलवारीचं काय म्हणत होतात?" विभावरीने हळूच टोचलं.

"ते वेगळं."

मित्रांनो, कुणाची वस्तू जपायची हौस असेल, तर आधी तिच्या माणसांना विचारा. मी परक्यांच्या घरात आजवर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं, टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"सांभाळणारी समोर उभी आहे, दिसत नाही? चारुदत्ता, पुरता गोरा साहेब झालास रे तू!"