माफीच्या आधीचा प्रश्न

मी देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयातला माईक बोलतोय. ज्याला जाब विचारायचा, तो माझ्यासमोर उभा राहतो. मान माझी लवचीक, पण मला सुरू-बंद करणारी कळ न्यायमूर्तींच्या हाताशी.

न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणांत इथे एक वहिवाट पडली होती. माणूस उभा राहिला की मी सुरू व्हायचो; 'माफी मागतो' ऐकू आलं की बंद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी जवळून पाहिला.

मग एका साप्ताहिकाच्या संपादक बाई आल्या. त्यांनी लिहिलं होतं, की बड्या अधिकाऱ्यांनी न्यायालयाचा आदेश मोडला तर अवमानाचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, लहान माणसाला मात्र लगेच उभं करतात. टीका थोरल्या न्यायमूर्तींच्या, म्हणजे सरन्यायाधीशांच्या, कारभारावर होती, आणि मधल्या खुर्चीवर तेच बसले होते. शिक्षा झाली असती तर बाई तुरुंगात आणि साप्ताहिकाला टाळं.

वकील त्यांचा भाचाच. तो कुजबुजला, "मावशी, 'माफ करा' म्हणा नि सुटा."

"कशाबद्दल, तेही सांग की."

"मावशी, इथे तरी नको हो!"

मी सुरूच होतो. दालनभर ऐकू गेलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

थोरल्यांनी विचारलं, "माफी मागताय की नाही?"

"मागेन, साहेब. पण माझं कोणतं वाक्य चुकलं, ते नोटिशीत नाही. चूक न कळता मागितलेली माफी खोटीच ना?"

त्यांचा हात कळीकडे गेला. शेजारच्या न्यायमूर्ती बाई हलकेच म्हणाल्या, "थांबा. लेख तुमच्यावर आहे. फिर्यादीही आपण आणि पंचही आपणच, हे बरं नाही."

हात तिथेच थबकला. तो मागे घेत ते म्हणाले, "हे प्रकरण दुसऱ्यांपुढे जाऊ दे. आरोप वाक्यानिशी लिहून द्या. उत्तराला वेळ द्या."

पुढे याच दालनात, दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे, संपादक बाई सकाळभर बोलल्या. कुणी मधे तोडलं नाही. लेखातली एक तारीख खरोखरच चुकली होती. ती दाखवताच त्यांनी आपणहून माफी मागितली. टीका मात्र मागे घेतली नाही. न्यायालयाने त्यांना सोडलं.

आता माझा आवाज खरखरतो. सुट्टीत मला काढून नवा बसवणार आहेत. त्याचं दुःख नाही. न्याय कडक असू दे, बाबांनो. फक्त शिक्षा सुनावण्याआधी समोरच्याला वाक्य पुरं करू द्या.