गुरुयंत्राची भाषादीक्षा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर गुडघ्याएवढा पांढरा रोबो मान डोलावत होता आणि शेजारी चकचकीत कोटातले भाषायोगी गर्जत होते, "अभ्यास नको, पाठांतर नको! गुरुयंत्राच्या मस्तकावर हात ठेवा, तरंगांतून इंग्रजी थेट मेंदूत उतरेल!"

"तरंग मोजायचे कशात हो, लिटरमध्ये?" मी विचारलं. मी दातांचा डॉक्टर, लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदाच. ताईनं कोपरानं ढोसून मला गप्प केलं.

ताईची मुलगी टिल्ली बरेच महिने इंग्रजीच्या बाईंच्या शिकवणीला जायची. एकदा तिच्या इंग्रजीला वर्गात कोणी हसलं, तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूपच लावलं होतं. आज तिनं रोबोच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं नाव विचारलं, आवडता खेळ विचारला, आणि टिल्ली चक्क इंग्रजीत बोलत सुटली!

ताई रडायलाच लागली. "बघितलंस? उद्यापासून बाईंची शिकवणी बंद!"

बाई आमच्या मागच्याच रांगेत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. पण पोर बोललं म्हणून पहिली टाळी त्यांनीच वाजवली होती.

टिल्लीला आता चेव चढला. तिनं एका हातानं रोबोचे डोळे झाकले, दुसऱ्या हाताची बोटं उंच धरली आणि इंग्रजीत विचारलं, "किती?"

"थ्री!" रोबो म्हणाला. बरोबर!

"दिव्यदृष्टी!" भाषायोगींनी आभाळाकडे हात जोडले. टाळ्यांचा नुसता पाऊस.

"मग आणखी एकदा बघू," म्हणत बाई मंचावर गेल्या. त्यांनी रोबोचं तोंड भिंतीकडे केलं, टिल्लीला अगदी त्याच्या डोळ्यांसमोर बोटं धरायला लावली आणि आपण लोकांकडे पाठ करून आड उभ्या राहिल्या.

रोबो चाचरत म्हणाला, "फाइव्ह?"

"चूक!" टिल्ली खिदळली.

"टू?"

"चूक!"

"तरंग अडले!" भाषायोगी ओरडले.

"कशाला अडले? बाईंच्या पाठीला?" मी विचारलं. हशा उसळला. तेवढ्यात रोबो शिंकला. सणसणीत, ओलीचिंब शिंक!

"प्लास्टिकला सर्दी झाली!" कोणीतरी किंचाळलं.

बाई लोकांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "डोळे झाकले तरी याला दिसतं, आणि डोळ्यांसमोर धरलं की दिसत नाही. म्हणजे बघणारा दुसराच आहे, आणि तो तुमच्या पाठीमागे आहे."

मागे प्रोजेक्टरची काचेची खोली होती. मी धावत जाऊन दार उघडलं. आत भाषायोगींचा मेव्हणा, एका हातात माइक, दुसऱ्यात रुमाल.

"सॉरी," तो पुटपुटला. मंचावरून रोबोही म्हणाला, "सॉरी."

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. भाषायोगी कधी सटकले, कळलंच नाही.

"पण ही बोलली ते तर खरं ना?" ताईनं कळवळून विचारलं.

"अगदी खरं," बाई म्हणाल्या. "शब्द तिच्याकडे होतेच, वर्गात शिकलेले. माणसांसमोर चुकायची लाज वाटायची. हे बाहुलं हसत नाही, चिडत नाही, म्हणून भीती गेली. सरावाला असा रोबो जरूर आणू या. पण सराव तिचा तिनंच करायचा."

ताईनं बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच शिकवा. मी चुकले."

मंडळी, यंत्राचं कौतुक खुशाल करा, ते माणसाच्याच बुद्धीचं आहे. पण कोणी म्हणालं, "प्रश्न विचारू नका, फक्त हात ठेवा," तर हात खिशात घाला आणि प्रश्न विचारा. खरं असेल ते प्रश्नांना पुरून उरेल.